आमच्याकडे असेच असते!



प्रत्येक घराचा एक न लिहिलेला कायदा असतो. तो कोणी केला आणि कधी केला, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. पण तो मोडला की सगळ्यांच्या लगेच लक्षात येते. घरे आशीर्वादित करायला किंवा आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही धर्मगुरू घरोघरी जातो, तेव्हा असे कितीतरी कायदे आम्हांला भेटतात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो आणि पिशवीवरूनच बटणे दाबली जातात. बिस्किटांचा सुंदर पत्र्याचा डबा उघडावा, तर आत सुईदोरा निघतो. आइसक्रीमच्या डब्यात सुके बोंबील असतात. शोकेसमधला कपबश्यांचा सेट 'पाहुण्यांसाठी' म्हणून लग्नापासून तसाच ठेवलेला असतो. त्याच्या योग्यतेचा पाहुणा पंचवीस वर्षांत काही आलेला नसतो. दाराच्या मागे एक पिशवी लटकत असते आणि तिच्यात फक्त पिशव्या असतात. आजोबांना देवाघरी जाऊन दहा वर्षे झाली, तरी खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नाही.

जपमाळेच्या वेळी तर प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. आजी डोळे मिटून 'नमो मरिये' म्हणता म्हणता मध्येच विचारते, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" नातू न हसता सांगतो, "तीन." आणि प्रार्थना थांबली होती तिथून पुढे सुरू होते. यात काही वावगे आहे, असे त्या घरात कोणालाच वाटत नाही. पवित्र मरियेलाही वाटत नसावे. तिनेही नाझरेथमध्ये चूल सांभाळली होती.

आमचे धर्मगुरूनिवासही याला अपवाद नाही. जेवणाच्या टेबलावर कोणी कुठे बसायचे, हे तेथे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण नवा सहायक धर्मगुरू पहिल्या दिवशी भलत्या खुर्चीवर बसला, की आचारी हळूच खाकरतो!

या गोष्टींविषयी कोणाला विचारले तर एकच उत्तर मिळते, "आमच्याकडे असंच असतं, फादर." आज आपण या साध्या वाक्यावर थोडे चिंतन करणार आहोत. कारण हे वाक्य कधी मायेने उच्चारले जाते, तर कधी ते एखाद्याच्या तोंडावर दार लावण्यासाठी वापरले जाते.

घराला स्वतःचा वास येत नाही

अंगणात सुकी मासळी वाळत घातलेली असली, तर रस्त्याने जाणाऱ्याला तिचा वास येतो. घरातल्यांना येत नाही. रोजच्या वासाला नाक सरावते. सवयीचेही तसेच आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने असा विचार मांडला, की गवंडी जसा बांधता बांधता गवंडी होतो, तसा माणूस न्यायाची कामे करता करता न्यायी होतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला आणि आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात सवयींचा सविस्तर विचार केला. चांगली सवय अंगी मुरली की तो सद्गुण होतो. वाईट सवय मुरली की तो दुर्गुण होतो. आणि मुरलेल्या सवयीची खूण अशी, की ती पाळताना कष्ट पडत नाहीत. म्हणूनच ती आपल्या नजरेला पडत नाही.

मग ती कोणाला दिसते? घरात नव्याने आलेल्या माणसाला. लग्न होऊन आलेल्या सुनेला, जावयाला, होस्टेलहून सुट्टीत परतलेल्या मुलाला, घरकामाला येणाऱ्या बाईला. विवाहाच्या पहिल्या वर्षातले बरेचसे खटके येथूनच उडतात. ती मोठ्याने बोलणाऱ्या घरातून आलेली असते, तो मोजके बोलणाऱ्या घरात वाढलेला असतो. त्याचे गप्प राहणे तिला राग वाटतो. तिचा चढा आवाज त्याला भांडण वाटतो. खरे तर दोघेही चुकलेले नसतात. दोघे आपापल्या घराची भाषा बोलत असतात, इतकेच.

ना भर, ना वजाबाकी

सामान्यकाळातील या बाविसाव्या रविवारच्या पहिल्या वाचनात मोशे इस्राएल लोकांना बजावतो, की देवाच्या आज्ञांत आपल्या पदरचे काही मिसळायचे नाही आणि त्यांतून काही वगळायचेही नाही. शुभवर्तमानात यरुशलेमहून आलेले परुशी आणि शास्त्री येशूच्या काही शिष्यांना हात न धुता जेवताना पाहतात आणि तक्रार करतात. हा प्रश्न स्वच्छतेचा नव्हता; वाडवडिलांनी घालून दिलेल्या शुद्धीच्या रिवाजाचा होता. प्याले, घागरी आणि तांब्याची भांडी धुण्याचे रिवाजही संत मार्क मुद्दाम नोंदवून ठेवतो. येशू भांडी धुण्याला नावे ठेवत नाही. माणसांचा रिवाज देवाच्या आज्ञेच्या जागी बसवला गेला आणि आज्ञा बाजूला पडली, हे त्याचे दुःख आहे.

आज वाचल्या न जाणाऱ्या मधल्या ओळींत त्याने उदाहरणही दिले आहे. एखादा माणूस आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे जाहीर करी आणि मग त्या नावाखाली म्हाताऱ्या आईवडिलांना मदत करण्यातून सुटका करून घेई. रिवाज पाळला जाई. आईबाप मात्र उपाशी राहत.

आपल्या घरांतही या दोन्ही गोष्टी घडतात. कधी आपण भर घालतो, म्हणजे घरच्या साध्या सवयीला देवाची आज्ञा करून टाकतो. आणि कधी आपण वजाबाकी करतो, म्हणजे जे उघड उघड पाप आहे, त्याला 'सवय' म्हणून सोडून देतो.

आधी भर कशी पडते ते पाहू. ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला आपल्याला परिचयाचा आहे. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला भाजून, कुटून बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचा, ही त्याची रीत. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराला आपलेच प्रमाण खरे वाटते. ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जावे, यात किती आनंद आहे! पण त्याच मसाल्यावरून "तुझ्या आईने तुला काही शिकवलंच नाही" असे शब्द निघतात आणि नवी सून मोरीत जाऊन रडते, तेव्हा मसाल्याचा धर्म झालेला असतो. देवाने सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या. मिरच्या किती घालाव्यात, हे त्यांत नव्हते.

संत मोनिकाच्या दोन सवयी

दर वर्षी २७ ऑगस्टला आपण संत मोनिकाचा सण साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी तिचा पुत्र संत ऑगस्टीन याचा. आईने मुलासाठी ढाळलेले अश्रू आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. पण तिच्या दोन सवयींची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

मोनिका उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावची. तिच्याकडे शनिवारी उपवास करण्याची पद्धत होती. इ. स. ३८५ मध्ये ती मुलाच्या पाठोपाठ इटलीतील मिलान शहरात आली. पाहते तो काय, तेथील ख्रिस्ती लोक शनिवारी उपवास करीत नव्हते! तिला प्रश्न पडला : आपण आपले पाळावे की यांचे? तिच्यासाठी ऑगस्टीनने मिलानचे महागुरुस्वामी संत आम्ब्रोज यांना विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की ते स्वतः मिलानमध्ये असताना शनिवारी उपवास करीत नसत, पण रोमला गेले की करीत. ज्या ख्रिस्तसभेत जावे तिची रीत पाळावी, म्हणजे आपल्यामुळे कोणी अडखळत नाही आणि आपणही कोणामुळे अडखळत नाही. मोनिकाने ते आनंदाने मान्य केले. आपल्या गावची रीत तिने सोडली. आपला देव सोडला नाही. रीत आणि देव यांतला फरक तिला कळला होता.

दुसरी सवय ती लहान मुलगी असतानाची. ऑगस्टीनने 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथात ती मोकळेपणाने सांगितली आहे. तिचे माहेर श्रद्धावंत आणि शिस्तीचे. घरातली एक म्हातारी दासी मुलींवर इतके लक्ष ठेवी, की जेवणाच्या वेळा सोडून त्यांना पाणीसुद्धा पिऊ देत नसे. त्याच घरात पिंपातून द्राक्षारस काढून आणायला आईवडील छोट्या मोनिकाला धाडीत. तिने आधी गंमत म्हणून नुसते ओठ ओले केले. मग रोज थोडे थोडे वाढत गेले आणि शेवटी ती जवळजवळ भरलेले पेले पिऊ लागली. इतक्या शिस्तीच्या घरात हे कोणाच्याच लक्षात आले नाही. एके दिवशी सोबत येणाऱ्या लहान दासीशी तिचे भांडण झाले आणि त्या दासीने रागाच्या भरात तिला 'दारुडी' म्हटले. तो शब्द मोनिकाच्या काळजात रुतला. तिने ती सवय त्याच क्षणी सोडली.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. एका संताला तारणारे खरे बोल कोणाच्या तोंडून आले? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नाही, धर्मगुरूच्या नाही. घरात जिला सर्वांत कमी मान होता, तिच्या तोंडून आले. तेही चांगल्या हेतूने नव्हे, भांडणात. मोनिका "आमच्याकडे असंच असतं" म्हणून तिला गप्प करू शकली असती. मालकिणीची मुलगी होती ती! तिने तसे केले नाही, म्हणून ती वाचली.

या सवयीची किंमत कोण मोजते?

आता आपल्या वजाबाकीकडे वळू. बारशाला, साखरपुड्याला, लग्नाला, क्रिकेटच्या सामन्याला आणि काहीच नसले तर रविवार म्हणून बाटली उघडते. ग्लास मांडायला आणि फ्रीजमधला बर्फ आणायला कोणाला सांगतात? आठ-दहा वर्षांच्या मुलाला. मोनिकाला पिंपाकडे धाडणारे आईवडील वाईट नव्हते. आपणही वाईट नाही. पण त्या मुलाचे ओठ कधी ओले होतील, ते आपल्याला कळणार नाही.

काही घरांत आबोला ही सवय असते. नवराबायको पंधरा पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप मुलांच्या हाती : "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." शेजारी विचारतात तर हसून सांगतात, "आमच्याकडे असंच असतं, आपोआप मिटतं." मिटत असेलही. पण मधल्या पंधरा दिवसांत ते मूल शिकते, की प्रेम कधीही बंद होऊ शकते आणि बंद झाले की आपण पोस्टमन व्हायचे असते.

काही घरांत सून विरार लोकलने रात्री साडेआठला घरी पोहोचते, पदर खोचून सर्वांना वाढते आणि उरलेले शेवटी एकटी जेवते. तिला कोणी उपाशी ठेवत नाही. फक्त तळलेल्या मासळीची मधली तुकडी तिच्या ताटात कधी आलेली नसते आणि हे कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

काही घरांत जमिनीचा व्यवहार ठरला, की बहिणींना जेवायला बोलावतात आणि जेवण झाले की हक्कसोडपत्र पुढे करतात. वाचायला मागणारी बहीण लोभी ठरते. वास्तविक वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो. बहिणीने समजून उमजून, प्रेमाने आपला वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण 'आमच्याकडे बहिणी सही करतात' एवढ्याच आधारावर तो घेतला, तर ते आपल्या काळातले कुर्बान आहे.

आणि काही घरांत हात उगारला जातो. ऑगस्टीन लिहून ठेवतो, की थागास्ते गावातल्या अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यांवर नवऱ्यांच्या मारहाणीचे वण दिसत. त्या गावाला त्यात नवल वाटत नव्हते. सोळाशेहून अधिक वर्षे लोटली. आज भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्या कायद्यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ, अपमान आणि पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच धरली आहे. कायद्याला जे कळले, ते ख्रिस्ताच्या माणसांना कळू नये काय? ज्या भगिनी हे सोसत आहेत, त्यांना आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो : मार सहन करणे हा तुमचा क्रूस नाही. देवाने तो तुम्हांला दिलेला नाही. तुम्ही धर्मगुरूंकडे या, भगिनींच्या मठात जा, पोलिसांकडे जा. विश्वासाच्या कोणाला तरी सांगा.

मग निरुपद्रवी सवय कोणती आणि पाप कोणते, हे ओळखायचे कसे? एकच प्रश्न पुरेसा आहे : या सवयीची किंमत कोण मोजते? पिशव्यांच्या पिशवीची किंमत कोणीच मोजत नाही. ती खुशाल लटकू द्या. कुकरच्या शिट्ट्याही मोजा. पण जिची किंमत घरातले सर्वांत दुबळे माणूस गुपचूप मोजते, ती सवय कितीही पिढ्यांची असली तरी देवाची नाही. याकोबाच्या आजच्या पत्रातही खऱ्या धर्माची ओळख विधवा आणि अनाथ यांची काळजी घेण्यावरून सांगितली आहे. घरातली रीत किती जुनी आहे, यावरून नाही.

जपाव्यात अशा सवयी

एवढे बोलल्यावर कोणी म्हणेल, "मग फादर, सगळ्या सवयी मोडूनच टाकू या." तसे नाही. येशूही एका घरात वाढला. त्याचे आईवडील दर वर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात, असे संत लूक सांगतो. आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा येशूचा परिपाठ होता, हेही तोच सांगतो. हा परिपाठ त्याला नाझरेथच्या घराने दिला. देवाच्या पुत्रालाही चांगल्या सवयी लावायला एक आई आणि एक सुतार लागला.

आपल्या घरांतही अशा सवयी आहेत, ज्या बाहेरच्याला विचित्र वाटतील, पण ज्या सोन्यासारख्या आहेत. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कपाळावर आई अंगठ्याने क्रूस काढते. मुलगा तीस वर्षांचा झाला तरी काढते. संध्याकाळची प्रार्थना संपली की लहानथोर वडीलधाऱ्यांपुढे वाकून आशीर्वाद मागतात. शेजारणीचा डबा कधी रिकामा परत जात नाही. काही नसले तर चिमूटभर साखर जाते. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवलेले असते. नवी पिढी या गोष्टींना हसत असेल तर हसू द्या. पण त्या सोडू नका. घर सुटल्यावर, दुबईत किंवा कॅनडात एकट्याने जेवताना, मुलांना हेच झाकलेले ताट आठवते.

आणि एक नवी सवय लावायची असेल, तर दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजी कुटुंबांविषयी बोलताना तीन शब्द सुचवले होते : कृपया, धन्यवाद, क्षमा कर. पतिपत्नींमध्ये भांडण झाले, तरी समेट न करता दिवस संपवू नये, असेही त्यांनी सांगितले. आबोल्यावर याहून सोपे औषध आम्हांला ठाऊक नाही.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवा. जपमाळ झाल्यावर टीव्ही लावू नका. आपल्या घरात सर्वांत उशिरा आलेल्या किंवा सर्वांत लहान असलेल्या माणसाला जवळ बसवा आणि दोन प्रश्न विचारा. पहिला : आमच्या घरातली कोणती गोष्ट तुला गमतीची वाटते? यावर सगळे मिळून हसा. दुसरा : आमच्या घरातली कोणती गोष्ट तुला दुखते? यावर गप्प राहा आणि ऐका. त्या संध्याकाळपुरता नियम एवढाच, की कोणीही "आमच्याकडे असंच असतं" हे उत्तर द्यायचे नाही. कदाचित ती लगेच काही बोलणार नाही. वर्षानुवर्षे कोणी विचारलेलेच नसते, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागतो. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू तीस वर्षे काढलीस. आमच्या घरातल्या साध्या सवयींवर तुझे हसू राहू दे. ज्या सवयींनी आमच्यातले कोणी मुकाट्याने दुखावले जाते, त्या आम्हांला दाखव आणि त्या सोडण्याचे बळ दे. ज्या सवयी तुझ्याकडे नेतात, त्या आमच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचव. संत मोनिका, आमच्या कुटुंबांसाठी विनंती कर. आमेन.